एक भिंत मुद्दाम कच्ची: युद्धकाळातले दारूगोळा कारखाने

पडकावाडा

किल्ल्याचा तट जाड का, तर शत्रू बाहेरून येणार. दारूगोळ्याच्या कारखान्यात शत्रू आतच बसलेला असतो, म्हणून तिथलं बांधकाम उलट्या डोक्याने केलेलं असतं.

अमेरिकेत डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीच्या काठी दु पाँ नावाच्या उद्योजकाने १८०२ साली बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला. त्यातल्या गिरण्या आजही हॅगली म्युझियमच्या आवारात उभ्या आहेत. तीन बाजूंना बुरुजासारख्या जाड दगडी भिंती. चौथी बाजू, नदीकडची, नुसती हलकी. छप्परही तकलादू आणि नदीकडे उतरतं. स्फोट झालाच तर त्याने कुठून बाहेर पडायचं हे गवंड्याने आधीच ठरवून ठेवलेलं. शेजारची गिरणी वाचली पाहिजे. आतला माणूस नदीत गेला तर गेला, असा रोखठोक हिशेब. तिथे स्फोटात मेलेल्या कामगाराबद्दल 'ओढ्यापलीकडे गेला' असं म्हणत. ती भिंत बघितली की या बोलण्यातला शब्दन् शब्द खरा होता हे कळतं.

धागा काढायचं निमित्त म्हणजे परवा एका मित्राशी झालेला वाद. त्याचं म्हणणं, 'वास्तू म्हणून यात आहे काय? पत्र्याच्या शेड आणि मातीचे ढीग. त्याला कसला वारसा!' तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

१९१५ च्या वसंतात ब्रिटिश फौजेला तोफगोळे पुरेनात. न्यूव्ह शापेल आणि ऑबर्स रिज या दोन लढायांनंतर वर्तमानपत्रांनी रान उठवलं, सरकारची फेररचना झाली आणि दारूगोळ्याचं वेगळं मंत्रालय निघालं. मंत्री लॉइड जॉर्ज. मग दीडएक वर्षात जे कारखाने उभे राहिले त्यातला सर्वांत अवाढव्य म्हणजे स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवर, सॉल्वे खाडीच्या काठाने पसरलेला ग्रेटनाचा. लांबी सुमारे १४ किलोमीटर, रुंदी ३. आतल्या आत सव्वाशे मैल रूळ. ऐन भरात आठवड्याला ८०० टन कॉर्डाइट (तोफेतून गोळा ढकलणारी बिनधुराची दारू) निघायचं. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन (स्फोटक कापूस) हाताने कालवून त्याचा लगदा करायच्या बायका. आर्थर कॉनन डॉइल तिथे जाऊन आला आणि त्या लगद्याला 'सैतानाची लापशी' म्हणाला. ईस्टरिग्जच्या संग्रहालयाचं आज तेच नाव आहे.

आता तिथे कारखाना म्हणून दाखवण्यासारखं फार थोडं उरलंय. पण कामगारांसाठी वसवलेली ग्रेटना आणि ईस्टरिग्ज ही गावं आहेत. आणि हे ऐका: पगार खिशात असलेल्या हजारो मजुरांनी आसपासचे गुत्ते भरून टाकले म्हणून १९१६ मध्ये सरकारने त्या भागातला मद्यधंदाच ताब्यात घेतला. युद्ध संपलं, कारखाना मोडला, सरकारी गुत्ते मात्र १९७० च्या दशकापर्यंत चालू!

माझं म्हणणं असं: या कारखान्यांत इमारतींपेक्षा त्यांच्या मधली मोकळी जागा वाचायची असते. दोन शेडमध्ये अमुक इतकंच अंतर का, शेडभोवतीचा मातीचा बांध इथेच का, दार बाहेरच का उघडतं. आणि नेमकं हेच आधी जातं. वारसा यादीत नंबर लागतो फाटकाचा, घड्याळाच्या मनोऱ्याचा, साहेबाच्या ऑफिसाचा. बांध आणि कपडे बदलायची खोली बुलडोझरखाली.

तुम्हाला काय वाटतं? काही बघितलं असेल तर लिहा.

शेंडेफळ

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. एक बाळबोध शंका: भिंत उडणारच असेल तर बांधायचीच कशाला? चार खांबांवर मांडव घालून मोकळं व्हायचं.

मिस्त्री_७१

शंका बाळबोध नाही. पाऊस, दमट हवा, ऊन आणि धूळ यांच्यापासून माल सांभाळावा लागतो. विशेषतः धूळ. बाहेरची वाळू आत आली की घर्षण, आणि घर्षण म्हणजे पुढचं सगळं.

मी आयुष्यभर याच धंद्यात होतो (कुठे ते विचारू नका). थोडं आतल्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे 'डेंजर बिल्डिंग' म्हणत. प्रत्येक डेंजर बिल्डिंगच्या दारावर पाटी: आत जास्तीत जास्त किती माणसं आणि किती किलो माल. मॅन लिमिट चार असेल तर पाचवा माणूस मॅनेजर असला तरी बाहेर थांबायचा. एकाने बाहेर यायचं, मग तो आत.

आत शिरण्याआधी कपडे बदलायची खोली. तिच्या मधोमध गुडघ्याएवढा आडवा कठडा. अलीकडे 'डर्टी', पलीकडे 'क्लीन'. कठड्यावर बसायचं, बाहेरचे जोडे काढायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि तिकडचे जोडे घालायचे. बाहेरचं पाऊल क्लीन बाजूला कधी टेकवायचं नाही, आतलं बाहेर टेकवायचं नाही. आतल्या जोड्यांना खिळा नाही. ही पद्धत शंभर-सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही. पडकावाडा म्हणतात ती 'कपडे बदलायची खोली' म्हणजे हीच. नुसती रिकामी खोली बघणाऱ्याला तो कठडा म्हणजे बाकडं वाटेल.

माझा पहिला आठवडा. पायजम्याच्या नाडीला लावलेली सेफ्टी पिन काढायची राहिली. तपासणाऱ्याने ती चिमटीत धरून माझ्या तोंडासमोर एक मिनिटभर नुसती धरली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आतली खोली बघितलीत तर कोपरे गोल असतात. कोपरा काटकोनी ठेवला की त्यात पूड साठते. फरशीला सांधे शक्यतो नाहीत, कारण तेच. भिंतींना गुळगुळीत रंग, पाण्याने धुता यावा असा. हत्यारं पितळेची, नाहीतर लाकडाची. जुन्या कारखान्यांत दिवा खोलीच्या बाहेर, खिडकीच्या काचेपलीकडे ठेवत. उजेड आत यायचा, ज्योत नाही. दाराला कडी-कोयंडा नाही, अंगाने ढकललं की बाहेर उघडलं पाहिजे.

बांधांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. बांध स्फोटाचा दाब थांबवत नाही, तो वरून जातोच. बांध थांबवतो जमिनीलगत उडणारे तुकडे, म्हणजे एका बिल्डिंगमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी पेटायला नको. दाबावर उपाय एकच, अंतर. त्याचं गणित घनमुळाचं आहे. आठपट माल ठेवायचा असेल तर दुप्पट अंतर लागतं. म्हणून जुना नकाशा समोर आला की कुठल्या बिल्डिंगमध्ये साधारण किती माल होता हे मोकळ्या जागेवरून सांगता येतं, कागदपत्रं जळाली असली तरी.

आणि हो, नायट्रोग्लिसरीन. ते पंपाने ढकलायचं नसतं, त्याला उतारावरून आपलं आपण वाहू द्यायचं. म्हणून ते टेकडीवर करतात, नसली तर टेकडी रचतात. स्कॉटलंडात आर्डीरला नोबेलच्या कारखान्यात वर बसलेल्या माणसाचं काम एकच, तापमापकाकडे बघत राहणं. त्याला बसायला एका पायाचं स्टूल. डुलकी लागली की पडलाच.

शेंडेफळ

एका पायाचं स्टूल!! काका, हे आमच्या ऑफिसातल्या मीटिंगला हवं.

खरंबोलू

लेख छान, प्रतिसाद त्याहून छान. पण मला मूळ मुद्दाच पटलेला नाही.

हे कारखाने माणसं मारण्याचं सामान करत होते. कापडगिरणी जपता, रेल्वे स्टेशन जपता, समजू शकतो. इथे कौतुक कशाचं चाललंय? कोपरे गोल होते याचं? त्या गोल कोपऱ्यांतून निघालेला गोळा कुठे पडला ते कोणी लिहीत नाही.

दुसरं म्हणजे ही जागा विषारी असते. टीएनटी या स्फोटकाचं सांडपाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरतं, भूजलात उतरतं. ते साफ करायचं तर माती खणून काढावी लागते, आणि माती खणली की तुमचे बांध गेले. लोकांच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा ढिगारा महत्त्वाचा का? फोटो काढून ठेवा, नकाशे करून ठेवा, जागा मोकळी करा.

रानजाई

खरंबोलू, गोळा कुठे पडला हे लिहायलाच हवं, मान्य. पण तो भरताना कोण मेलं हेही कुठेतरी राहायला हवं ना? माझ्यासाठी या जागांचं महत्त्व तिथून सुरू होतं.

लीड्सजवळ बार्नबो. ५ डिसेंबर १९१६, रात्रपाळी. खोली क्रमांक ४२ मध्ये भरलेल्या गोळ्यांना फ्यूज बसवायचं काम चाललं होतं. एक गोळा फुटला आणि ३५ बायका गेल्या. युद्धकाळातली सेन्सॉरशिप, त्यामुळे वर्तमानपत्रांत 'बार्नबोत स्फोट' अशी बातमी आलीच नाही. खोली साफ केल्यावर थोड्याच वेळात तिथे पुन्हा काम सुरू झालं, आणि काम करायला दुसऱ्या बायका आपणहून पुढे आल्या.

नॉटिंगहॅमजवळ चिलवेल. कारखाना उभा करणारा व्हायकाउंट चेटविंड मोठा खटपट्या माणूस. स्फोटकांची यंत्रं मिळेनात म्हणून त्याने दगड फोडायची, साखर वाळवायची, रंग करायची यंत्रं आणून जुळवली. ब्रिटनने युद्धात डागलेल्या गोळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास या एका ठिकाणी भरले गेले. १ जुलै १९१८ ला संध्याकाळी तिथे आठ टन टीएनटी उडालं. १३४ मृत्यू. त्यातल्या फक्त ३२ जणांची ओळख पटली. बाकीच्यांना जवळच्या अ‍ॅटनबरोच्या चर्चच्या आवारात एकत्र पुरलं.

या बायकांना 'कॅनरी' (पिवळा पक्षी) म्हणायचे. टीएनटीने कातडी पिवळी पडायची, केसांची पुढची बट केशरी व्हायची. गंमत म्हणून ठेवलेलं नाव, पण टीएनटीने यकृत जायचं, कावीळ व्हायची आणि त्यात मरणही यायचं. पुढे १९१८ मध्ये तिशीपुढच्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो यांच्यामुळे, असं म्हणतात. खरं तर गोळे भरणाऱ्यांतल्या बऱ्याचशा मुली विशीतल्या. त्यांना तो मिळाला नाहीच! याचा राग मला अजून येतो.

मिस्त्रीकाका, तुमच्या कठड्याबद्दल वाचून अंगावर काटा आला. त्या बायकांच्या बाबतीत त्या खोलीत आणखी एक गोष्ट व्हायची, झडती. केसातला आकडा, लग्नाची अंगठी, चोळीतली तार, काडेपेटी. त्यासाठी बायकांचीच पोलीस ठेवली होती. बायकांना वर्दी घालून अधिकाराने उभं राहायला मिळालं ते असल्या कारखान्यांच्या दारात. म्हणजे एकाच खोलीत एक बाई दुसरीचे केस चाचपतेय, दोघींनाही ही नोकरी युद्ध संपलं की जाणार हे माहीत. अशी खोली पाडून तिथे पाटी लावली तर पाटीवर काय लिहिणार? 'येथे कारखाना होता.' बस्स.

गोलपोस्ट

अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनच्या वुलिचला रॉयल आर्सेनल होतं, पहिल्या महायुद्धात तिथे ऐंशी हजारांच्या घरात माणसं कामाला होती. तिथल्याच कामगारांनी १८८६ मध्ये फुटबॉलचा संघ काढला, नाव 'डायल स्क्वेअर', म्हणजे त्यांच्या वर्कशॉपच्या दारावर सूर्यघड्याळ होतं त्यावरून. पुढे तोच आर्सेनल! क्लबच्या चिन्हावर तोफ आहे ती याचमुळे. टी-शर्ट घालून फिरणाऱ्या अर्ध्या पोरांना माहीत नसतं. आता तिथे महागडी घरं झालीत.

चाकोरीबाहेर

जर्मनीत कार्ल्सरूहला कामानिमित्त वर्षभर होतो. तिथे झेडकेएम म्हणून कला आणि माध्यमांचं मोठं केंद्र आहे, दर रविवारी जायचो. पहिले दोन महिने मला माहीतच नव्हतं की ही दारूगोळ्याची फॅक्टरी आहे.

३१२ मीटर लांब इमारत, आत ओळीने दहा चौक, वरून काचेचं छप्पर. पहिल्या महायुद्धात बांधलेली, वास्तुकार फिलिप याकोब मांझ. काँक्रीटच्या सांगाड्यात सरळ वर बघितलं की चार मजले गॅलऱ्या आणि वर आकाश. इतका उजेड असलेली दुसरी इमारत मी त्या शहरात बघितली नाही. नंतर कळलं की तो उजेड काडतुसं नीट दिसावीत म्हणून होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे हजारोंनी वेठबिगार राबवले.

किस्सा असा की झेडकेएमसाठी आधी नवीकोरी इमारत ठरली होती. रेम कूलहास या वास्तुकाराने स्पर्धा जिंकली होती. १९९२ मध्ये तो बेत रद्द झाला आणि रिकामी पडलेली ही फॅक्टरी घेतली, १९९७ ला उघडली. म्हणजे जपण्याच्या प्रेमापोटी नाही, नवीन बांधणं जमेना म्हणून वाचली. माझ्या बघण्यात बहुतेक जुन्या इमारती अशाच वाचतात.

पण खरा धक्का पुढे हेस्सेमधल्या श्टाटआलेनडॉर्फला बसला. नाझी काळात आलेनडॉर्फच्या जंगलात स्फोटकांचे दोन प्रचंड कारखाने होते. वरून विमानाला दिसू नयेत म्हणून सपाट छपरांवर माती घालून झाडं लावलेली. ऑगस्ट १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीतून हंगेरीच्या एक हजार ज्यू बायका इथे आणल्या, गोळे भरायला. युद्ध संपलं. मग पूर्वेकडून हाकललेले जर्मन निर्वासित आले. जागा कुठे आहे? तर या रिकाम्या शेडमध्ये. वीज होती, रस्ते होते, रूळ होते. लोक राहिले, धंदे निघाले, १९५६ मध्ये फेरेरोने चॉकलेटचा कारखाना काढला, १९६० मध्ये शहराचा दर्जा. आज लोक ज्या गल्लीत राहतात ती दारूगोळ्याची गल्ली.

हे एकच गाव नाही. बव्हेरियातली वाल्डक्राइबुर्ग आणि गेरेट्सरीड अशीच उभी राहिली. काउफबॉयरनजवळच्या नॉयगाब्लोन्झमध्ये तर डायनामाइटच्या कारखान्याच्या जागी चेकोस्लोव्हाकियातल्या गाब्लोन्झचे काचमणी आणि खोट्या दागिन्यांचे कारागीर येऊन बसले, जुन्या गावाचं नाव घेऊन.

आणि खरंबोलू, तुमच्या पाण्याच्या मुद्द्याचं उत्तर पण तिथेच आहे. श्टाटआलेनडॉर्फच्या जमिनीत टीएनटी मुरलेलं होतं. वस्ती असलेल्या गावात कित्येक वर्षं माती काढून साफ केली, आणि तरीही निवडक इमारती ठेवल्या. १९९० मध्ये गावाने त्या हजारातल्या वाचलेल्या बायकांना बोलावलं, १९९४ मध्ये माहिती केंद्र उघडलं. दोन्ही होतं, करायचं ठरवलं तर.

खरंबोलू

जर्मनांनी केलं कारण त्यांच्यावर करायची वेळ आली होती. हरलेले इमारती जपतात, जिंकलेले पार्किंग करतात. आता बोला.

हायकूवाली

हरलेल्यांनी सगळं जपलं असंही नाही हो. जपानचं सांगते.

ओसाका किल्ल्याला लागून लष्कराचं मोठं शस्त्रागार होतं. १४ ऑगस्ट १९४५, शरणागतीच्या आदल्या दिवशी, त्यावर बॉम्बहल्ला झाला. त्यातूनही मुख्य कचेरीची इमारत उभी राहिली होती. ती पाडली १९८१ मध्ये, शांततेच्या काळात. रासायनिक प्रयोगशाळेची इमारत मात्र उरली.

उलट टोकियोच्या किता वॉर्डात १९१९ ची लाल विटांची काडतूस शेड आहे, तिच्यात २००८ पासून वाचनालय आहे. विटांच्या भिंतीला पाठ टेकून पोरं अभ्यास करतात. मी तिथे पाऊण दिवस बसले होते. एकच खटकलं, की ती इतकी छान झालीय की कशासाठी बांधली होती ते विसरायला होतं.

जे विसरता येत नाही ते ओकुनोशिमाला. हिरोशिमा प्रांतातलं छोटंसं बेट. १९२९ पासून १९४५ पर्यंत तिथे विषारी वायूचा कारखाना होता, आणि गुप्तता इतकी की बेट नकाशावरून गाळलेलं. तो वायू चीनमध्ये वापरला गेला. कामगारही सुटले नाहीत, पुढे वर्षानुवर्षं छातीच्या आजाराने गेले. आज बेटावर ससेच ससे आहेत आणि लोक त्यांना खाऊ घालायला येतात. वीजघराचा भलामोठा सांगाडा, वेलींनी वेढलेला, त्याच्या दारातही ससे. सशांचे फोटो काढणाऱ्या दहांपैकी किती जण १९८८ च्या त्या छोट्या संग्रहालयात शिरतात, मोजायला हवं. माझ्याबरोबरचे दोघे शिरले नाहीत.

आणखी एक, पण हा दारूगोळ्याचा नाही, लष्करी गणवेशांचा डेपो. हिरोशिमातच आहे, १९१३-१४ चा. अणुबॉम्ब पडला त्या केंद्रापासून पावणेतीन किलोमीटरवर. बाहेरून खिडक्यांना लोखंडी झडपा आहेत, त्या दाबाने आत वाकल्यात. अजून तशाच. २०१९ च्या अखेरीस प्रांताने सुचवलं की भूकंपाचा धोका आहे, आपल्या तीन इमारतींपैकी दोन पाडू. लोकांनी विरोध केला, बेत बदलला आणि २०२४ मध्ये त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा मिळाला. खरंबोलूंना विचारते, त्या वाकलेल्या झडपेचा फोटो पुरला असता? मी फोटो आधी बघितला होता. समोर उभी राहिले तेव्हा कळलं की लोखंड केवढं जाड आहे.

खरंबोलू

झडपेपुरतं मान्य. वायूच्या कारखान्याबद्दलही मान्य, तिथे गुन्हा झालाय आणि ती जागा पुरावा आहे. पण विजेत्यांच्या सगळ्याच शेडना मी तो मान देणार नाही.

पडकावाडा

'पुरावा' हा शब्द तुम्हीच वापरलात, आता तुमच्यावरच उलटवतो. पुरावा फक्त गुन्ह्याचाच असतो असं नाही. हलगर्जीचाही असतो.

लंडनच्या सिल्व्हरटाउनला वस्तीच्या मधोमध सोड्याचा एक बंद पडलेला कारखाना होता. टीएनटी शुद्ध करायला तोच घेतला. १९ जानेवारी १९१७ ला तिथे सुमारे ५० टन टीएनटी उडालं, ७३ लोक मेले. मिस्त्रींनी सांगितलेला अंतराचा धोका तिथे कोणाला कळला नव्हता असं नाही. गोळ्यांची घाई होती म्हणून तो बाजूला ठेवला. ब्रँडीवाइनच्या माणसांना जे त्याच्या ११५ वर्षं आधी कळत होतं ते राजधानीत मंत्रालयाला कळत नव्हतं, असं कोण मानेल? त्या प्लॉटकडे आणि भोवतीच्या घरांकडे बघूनच हे कळतं.

अमेरिकेतही तसंच. १० जुलै १९२६ ला न्यू जर्सीत लेक डेन्मार्कच्या नौदल साठ्यावर वीज पडली आणि कोठारामागून कोठार उडत गेलं. मग १९२८ मध्ये सुरक्षेचं मंडळ नेमलं आणि मातीने झाकलेली कमानी कोठारं, 'इग्लू' म्हणतात ती, सगळीकडे आली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला प्रत्येक इग्लू हा त्या एका विजेचा वंशज. इलिनॉयमध्ये जोलिएटचा कारखाना होता (५ जून १९४२, ४८ मृत्यू), ती जमीन आता मिडेविन नावाचं गवताळ राखीव रान आहे. २०१५ पासून तिथे बायसन सोडलेत. काही इग्लू मातीसकट तसेच ठेवलेत, वर गवत.

माझ्या मित्राला आता उत्तर देता येईल असं वाटतंय. शेड साधी आहे कारण ती मरायलाच बांधलेली होती. टिकाऊ काय ठेवायचं आणि काय उडू द्यायचं, हे ज्याने ठरवलं त्याचा निर्णय त्या नकाशात आहे. राजवाड्यात एवढा स्पष्ट निर्णय मिळत नाही.

इंग्लंडमध्ये वॉल्थम अ‍ॅबीला मात्र नशिबाने बरंच उरलंय. १७८७ मध्ये राजसत्तेने घेतलेला बंदुकीच्या दारूचा कारखाना, १९९१ पर्यंत काही ना काही चालू होतं. शेडमधून शेडमध्ये माल नेताना धक्का बसू नये म्हणून कालव्यांतून होडीने न्यायचे. कोळशासाठी आल्डरची झाडं मुद्दाम वाढवली होती. दारू गेली, झाडं राहिली, त्यांवर बगळ्यांची मोठी वसाहत झाली.

शेंडेफळ

धागा वाचनीय झालाय. पण एक कळलं नाही. एवढे हजारो कारखाने होते तर उरले इतके कमी का? सगळे काही स्फोटात गेले नसतील.

रानजाई

बरेचसे विकले गेले. पॅरिसला सीन नदीच्या काठी जाव्हेलला आंद्रे सित्रोएनने १९१५ मध्ये तोफगोळ्यांचा कारखाना काढला, युद्ध संपल्यावर त्याच जागी मोटारी. आता बाग आहे, त्याच्याच नावाची, १९९२ पासून. गोळ्यांचं नामोनिशाण नाही, नाव मात्र मालकाचं राहिलं. बार्नबोच्या पोरींची नावं शोधायला स्मारकापाशी जावं लागतं.

मिस्त्री_७१

विकले ते खरंच, पण ते गोळे कातायच्या किंवा काडतुसांच्या शेडचं झालं. जिथे स्फोटकं भरायचे त्या शेडचं वेगळं. त्या जाळतात.

वर्षानुवर्षं पूड उडते. फटीत जाते, पाइपात जाते, लाकडात मुरते, फरशीखालच्या नाल्यात बसते. धुऊन निघत नाही. पाडायला गेलात आणि पहार बसली की ठिणगी. म्हणून सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे इमारत रिकामी करायची, पेंढा-लाकूड भरायचं, लांबून पेटवायची आणि संपूर्ण जळू द्यायची. अमेरिकेतल्या मोठमोठ्या जुन्या कारखान्यांतही हेच केलं. त्यामुळे ज्या शेडमध्ये सर्वांत धोक्याचं काम चाललं तीच नेमकी उरत नाही. कचेरी उरते. यात कोणाचा कट नाही, पण निकाल तोच.

आमच्या इथली एक जुनी बिल्डिंग अशीच जाळली. मी तिच्यात एकवीस वर्षं होतो. बांधाच्या अलीकडे, ठरलेल्या अंतरावर आम्ही उभे. जळताना अधूनमधून फटफट आवाज यायचा, उन्हात शेंगा तडकाव्यात तसा. तेच फटीतलं. एवढी वर्षं आम्ही त्याच्यावर उभे होतो.

आदल्या दिवशी साहेबांना म्हटलं होतं, दारावरची पाटी तेवढी मला द्या. नियमात बसत नव्हतं. लाकडी होती, लाकूड म्हणजे दूषित. तीही आत टाकली.

शेंडेफळ

पाटीवर आकडे काय होते, काका?

मिस्त्री_७१

माणसं ३. मालाचा आकडा दोनदा रंगवून बदललेला होता, खालचा जुनाही पुसट दिसायचा.